म्हणींचा काय गुन्हा?

सुविचारांना हसणे हे हल्ली शहाणपणाचे लक्षण मानले जाते. उगवत्या सूर्याच्या चित्रावर चिकाटीचे चार शब्द लिहून कुणी सकाळी मोबाइलवर पाठवले, की सुशिक्षित माणूस ते न वाचताच पुसतो आणि दुपारी चहाच्या टपरीवर त्याची टिंगल करतो. पण टिंगल करणाऱ्यांचे म्हणणे अगदीच पोकळ नाही, म्हणून ते आधी नीट मांडतो. पूर्वपक्ष असा मांडावा की प्रतिपक्षाने मान डोलवावी, ही जुन्या शास्त्री मंडळींची रीत होती. वादाच्या आपल्या आजच्या पद्धतीपेक्षा ती पुष्कळच बरी होती.

त्यांचे पहिले म्हणणे असे, की म्हणी एकमेकींच्या झिंज्या उपटतात. ‘प्रयत्नांती परमेश्वर’ म्हणणारी भाषाच ‘दैव देते आणि कर्म नेते’ असेही म्हणते. व्यायामशाळेच्या भिंतीवर ‘थांबला तो संपला’ लिहिलेले असते आणि घाटातल्या पाटीवर ‘अति घाई संकटात नेई’. पुढारीपण करणाऱ्याला ‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ असे सांगायचे, आणि लगेच ‘पाचामुखी परमेश्वर’ हेही त्यालाच सांगायचे. दोन्ही बाजूंनी बोलणाऱ्या साक्षीदाराची साक्ष कोर्ट मानत नाही, मग म्हणींची का मानावी?

दुसरे म्हणणे, चिकाटीवर बोलणारे सगळे जिंकलेले असतात. तितकीच चिकाटी धरून जो बुडाला त्याला व्याख्यानमालेत कोण बोलावतो? तिसरे म्हणणे सर्वांत झोंबणारे आहे. चिकाटीची, श्रद्धेची, निष्ठेची वचने नेहमी वरून खाली वाहतात. तीन महिने पगार थकवणारा मालक कामगाराला सबुरी शिकवतो आणि रस्ता न करणारा पुढारी गावाला श्रमदानाचे महत्त्व सांगतो. ज्याच्या अंगाला तोशीस नाही त्याने दुसऱ्याला सोसायला सांगायचे, याला शहाणपण म्हणायचे की लबाडी?

दुसऱ्या आणि तिसऱ्या आक्षेपात तथ्य आहे. पण ते ज्यांच्यावर घ्यायचे ते सोडून भलत्यांवरच घेतले जातात. आणि पहिला आक्षेप तर साफ चुकीचा आहे.

म्हणी परस्परविरोधी आहेत, कारण त्या वेगवेगळ्या माणसांना सांगितलेल्या आहेत. म्हण हा सल्ला असतो, आणि सल्ला कोणाला तरी, कशावरून तरी, कधी तरी दिलेला असतो. दहावीत नापास होऊन माळ्यावर तोंड लपवून बसलेल्या नातवाला आजी ‘प्रयत्नांती परमेश्वर’ म्हणते. तीच आजी थोरल्या मुलाला तसे म्हणत नाही, कारण तो शेतात तिसरे बोअर घ्यायला निघालेला असतो. दोघांना एकच वाक्य ऐकवायचा हट्ट धरला, तर आजीचे शहाणपण तिथेच संपले.

या बोअरपाशी थोडे थांबू या, कारण चिकाटीवरच्या वचनांची खरी परीक्षा मराठवाड्याच्या आणि नगरच्या दुष्काळी पट्ट्यात होते. तळहातावर नारळ ठेवून पाणाड्या शिवारभर फिरतो. नारळ जिथे उभा राहील तिथे खूण करतो. तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडकडून आलेली बोअरची गाडी रात्री येते, कारण दिवसा दुसऱ्याच्या रानात तिचे काम चालू असते. दर फुटावर ठरलेला असतो, केसिंगचे पैसे वेगळे. दोनशे फुटांवर पांढरा फुफाटा, तीनशेवर फुफाटा, चारशेवरही फुफाटाच. भोवती जमलेल्यांपैकी कोणीतरी म्हणतो, ‘अजून पन्नास फूट घ्या, आता सोडू नका.’ हे वाक्य नेमके सुविचाराच्या वहीतले आहे. यशापासून तीन फुटांवर खोदणे थांबवणाऱ्या माणसाची गोष्ट प्रेरणादायी वक्ते रंगवून सांगतात. ती ऐकून टाळ्या वाजवणाऱ्यांनी एकदा या गाडीजवळ उभे राहावे. इथे फुटामागे पैसे मोजले जात असतात, ते सावकाराचे असतात, आणि खाली पाणी नसेल तर चिकाटीने ते तयार होत नाही.

याच नगर जिल्ह्यात, ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात, हिवरे बाजार आहे. तिथे पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले. त्या गावाने जी सूत्रे धरली ती सूत्रे म्हणजेही एका परीने वचनेच आहेत: कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, श्रमदान आणि पुढे शेतीसाठी बोअरबंदी. वचनांत शहाणपण नसते असे म्हणणाऱ्यांनी ही शब्दांची यादी जरा लक्षपूर्वक वाचावी. यात ‘झाडे लावा’ असा गोड उपदेश नाही. काय करायचे नाही ते सांगितले आहे, आणि जो मोडेल तो सगळ्या गावाला दिसेल असे सांगितले आहे. पावसाळा संपला की किती पाऊस पडला, जमिनीत किती मुरला, पिण्याला किती राखायचा आणि रब्बीला किती द्यायचा, याचा ताळेबंद ग्रामसभेसमोर मांडला जातो. पाऊस कमी असेल त्या वर्षी कोणती पिके घ्यायची नाहीत, हेही तिथेच ठरते. उसाला नाही म्हणणे हे आपल्याकडे केवढे धाडसाचे काम आहे, हे साखरपट्ट्यातल्या वाचकाला वेगळे सांगायला नको. या गावाची चिकाटी दाद देण्यासारखी आहे, आणि ती मुख्यतः खोदत न राहण्याची चिकाटी आहे. वर्षानुवर्षे, शेजारच्या गावात पाण्याचे फवारे उडत असताना, आपण बोअर घ्यायचे नाही यावर टिकून राहायचे. मग ‘सोडू नका’ हे वचन इथे खरे की खोटे? सल्ला कोणाला आणि कशाबद्दल, हे सांगितल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर नाही, आणि म्हणींवर परस्परविरोधाचा आरोप करणारे नेमके तेवढेच सांगायचे टाळतात.

आता जिंकलेल्यांच्या बढाईचा मुद्दा. तो प्रेरणादायी व्याख्यानांना पुरेपूर लागू पडतो. तिकीट काढून ज्यांना ऐकायचे त्यांनी ऐकावे. पण मराठी म्हणींचा साठा उघडून पाहा. बुडत्याचा पाय खोलात. दुष्काळात तेरावा महिना. आगीतून फुफाट्यात. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. भरवशाच्या म्हशीला टोणगा. यातली कुठली म्हण विजयी माणसाने रचली असेल? आपल्या म्हणींत हरलेल्यांचा, फसलेल्यांचा, नशिबाने चकवलेल्यांचा आवाज इतका ठळक आहे, की त्यांना यशाच्या जाहिराती म्हणणे म्हणजे म्हणी वाचल्याच नाहीत असे कबूल करणे. गोड तेवढ्या वेचून फ्रेम करणारे आपण. फ्रेमचा दोष म्हणींना चिकटवायचा, हा न्याय मला कळत नाही.

वेचण्याचा हा उद्योग किती बेमालूम चालतो, याचे माझे आवडते उदाहरण विलायतेतले आहे. ‘कधीही हार मानू नका’ हे चर्चिलचे वाक्य जगभर लटकलेले आहे. त्यासोबत अशीही कथा सांगितली जाते, की चर्चिल एका शाळेत भाषणाला उभे राहिले, एवढेच शब्द उच्चारले आणि खाली बसले. कथा खोटी आहे. २९ ऑक्टोबर १९४१ रोजी हॅरो या त्यांच्या जुन्या शाळेत त्यांनी चांगले सविस्तर भाषण केले. आणि त्या वाक्याला त्यांनी स्वतःच एक अपवाद जोडला होता: इभ्रत आणि सारासार बुद्धी जिथे मागे हटायला सांगेल ती जागा सोडून. भिंतीवर लावताना अपवाद गळाला. गळणारच, कारण त्याच्याशिवाय वाक्य जास्त जोरकस वाटते! पण हे बोलणाऱ्या माणसाच्या सरकारने जवळपास दीड वर्षापूर्वीच, १९४० च्या मे अखेरीस आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात, डंकर्कच्या किनाऱ्यावरून तीन लाखांहून अधिक सैनिक परत आणले होते. तोफा, गाड्या तिथेच टाकून. ते सैन्य तिथेच शर्थ करीत बसले असते, तर हॅरोच्या मुलांना धीर द्यायला चर्चिल कुठल्या तोंडाने गेले असते? (चर्चिलच्या भारताविषयीच्या मतांचा आणि बंगालच्या दुष्काळाचा हिशेब वेगळा आहे, तो मी इथे माफ करतो आहे असे कोणी समजू नये.)

आणि चर्चिलपर्यंत जायचे तरी कशाला. शिवाजी महाराजांच्या चित्राखाली ‘कधीही हार मानली नाही’ असे लिहिलेले फलक आपल्या गावोगाव आहेत. जून १६६५ मध्ये पुरंदरच्या पायथ्याशी काय झाले, हे मग त्या फलकवाल्यांना ठाऊक नसते की सोयीचे नसते? मुरारबाजी देशपांडे पडले होते, गडावर माणसे मरत होती, मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखान यांच्या फौजेपुढे मुलूख जळत होता. महाराजांनी तह केला. तेवीस किल्ले आणि चार लाख होनांचा मुलूख दिला. स्वतःकडे बारा किल्ले आणि एक लाख होनांचा मुलूख ठेवला. फलकाच्या भाषेत ही हार आहे. राज्यकर्त्याच्या भाषेत हा हिशेब आहे: किल्ला परत घेता येतो, पडलेली माणसे परत येत नाहीत. दिलेल्या किल्ल्यांत कोंढाणा होता. तो ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री परत आला आणि तानाजी गेले. ‘आधी लगीन कोंढाण्याचे’ हे वचन आपण इतक्या अभिमानाने सांगतो, पण ते उच्चारायची वेळ आली ती पाच वर्षांपूर्वी कोंढाणा देऊन टाकला होता म्हणून, हे वाक्य त्याला कोणी जोडत नाही. ‘गड आला पण सिंह गेला’ या म्हणीत तर जिंकल्याचा आनंद आणि त्याची किंमत एकाच श्वासात आहे. माझ्या मते चिकाटीविषयी मराठीत याहून प्रौढ वचन नाही.

तिसऱ्या आक्षेपाकडे, म्हणजे सोसायला सांगणाऱ्यांच्या लबाडीकडे, मी मुद्दाम हळूहळू येतो आहे. कारण तिथे आपल्या सगळ्यांच्या घरातले कोणी ना कोणी गुंतलेले आहे.

पुण्यात सदाशिव पेठेत, नारायण पेठेत गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत. लाकडी कप्प्यात बसवलेले एक टेबल, वर ट्यूबलाइट, समोरच्या प्लायवर चिकटवलेले वेळापत्रक आणि त्याच्यावर एखादे वचन. बहुतेक ठिकाणी ते ‘अजून एक प्रयत्न’ याच अर्थाचे असते. खाली कधी अब्दुल कलामांचे नाव, कधी व. पु. काळ्यांचे, कधी चक्क नाना पाटेकरांचे. खरे कोणाचे, हे शोधायला पोरांना वेळ नसतो. बीड, लातूर, यवतमाळ, नंदुरबार इथून आलेली ही पोरे मेसच्या डब्यावर राहतात, घरून येणारे पैसे जपून वापरतात आणि वयाची मर्यादा गाठेपर्यंत सरकारी नोकरीच्या स्पर्धा परीक्षा देतात. अर्ज लाखांनी, जागा शेकड्यांनी. जाहिरात कधी निघेल, निकाल कधी लागेल, निवड झाल्यावर नियुक्तीचे पत्र कधी येईल, याचा नेम नाही.

इथे चिकाटीचे वचन काय काम करते ते पाहा. समजा, त्या गल्लीतल्या प्रत्येक पोराने उद्यापासून दोन तास जास्त अभ्यास केला. जागा किती वाढतील? एकही नाही. फक्त कट ऑफ वर जाईल. एकट्या मुलाला त्याच्या कष्टाचे फळ मिळू शकेल, हे खरे. पण सगळ्यांना मिळून सांगितलेला तोच उपदेश निव्वळ बाष्कळ ठरतो. शिवाय त्या उपदेशाआड ज्यांनी जाहिरात वेळेवर काढायची, रिकाम्या जागा भरायच्या, जिल्ह्यातच चार उद्योग आणायचे, ते आरामात दडतात. पोरगा सहाव्यांदा नापास झाला की त्याला वाटते आपलीच जिद्द कमी पडली. चिकाटीचा हा वापर दुष्टपणाचा आहे, आणि सुविचारांना हसणारे लोक इथे संतापत असतील तर मी त्यांच्या बाजूने आहे.

पण चिकाटीच्या वचनाला फाशी द्यायच्या आधी दुसरा एक विद्यार्थी आठवा. कोकणातल्या मुरुडचा धोंडो केशव कर्वे. सहावीच्या परीक्षेला बसण्यासाठी तो पावसापाण्यात कुंभार्ली घाट चढून, शंभर मैलांहून अधिक वाट पायी तुडवत साताऱ्याला पोचला. तिथे परीक्षा घेणाऱ्यांनी त्याला नुसते पाहिले आणि हा काही सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणून बसूच दिले नाही. पोरगा तसाच परत. पुढे तो परीक्षा पास झाला, गणिताचा प्राध्यापक झाला, आणि इथपर्यंतची गोष्ट अभ्यासिकेच्या भिंतीवर चालण्यासारखी आहे. पुढची मात्र तिथे मावत नाही. विधवांसाठी आश्रम काढला तेव्हा पुण्यातल्या सनातनी मंडळींनी तोंड फिरवले. १९०० पासून हिंगण्याच्या माळावर झोपडीत आश्रम, आणि प्राध्यापक रोज फर्ग्युसन कॉलेजातून पायी हिंगण्याला, पुन्हा सकाळी पायी कॉलेजात. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढले तेव्हा विद्यार्थिनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. सत्तरी ओलांडल्यावर हा माणूस निधीसाठी युरोप, अमेरिका, आफ्रिका फिरला.

फरक दिसतो ना? साताऱ्याला धोंडो एका जागेसाठी गेला होता आणि ती दुसऱ्याच्या मर्जीवर होती. हिंगण्यात अण्णा कर्व्यांनी ज्या जागा केल्या त्या आधी कुठेच नव्हत्या. जिथे कष्टाने गोष्टच वाढते तिथे ‘चिकाटी धर’ हा पोक्त सल्ला आहे. जिथे कष्टाने फक्त रांगेतला नंबर हलतो तिथे तोच सल्ला बेतानेच द्यावा, आणि देताना दारेही दाखवावीत. सदाशिव पेठेतल्या पोराला कोणी वडीलधाऱ्याने ‘दोन वर्षे दे, मग दुसरे काही बघ, लाज धरू नकोस’ असे सांगितले तर तेही चिकाटीवरचेच वचन आहे. त्याचे पोस्टर निघत नाही एवढेच.

श्रद्धेच्या वचनांवर मी थोडक्यात बोलतो, कारण त्यांच्यावर आधीच पुष्कळ शाई सांडली आहे. ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ हे आळशाला मारलेले चपराकवजा वाक्य आहे. ते अंधश्रद्धेचा पुरावा म्हणून पुढे करणाऱ्या सुधारकांना म्हणीतला खवचटपणा कळला नाही, असे नाइलाजाने म्हणावे लागते. ‘देव तारी त्याला कोण मारी’ ही म्हण विहिरीतून ओढून काढलेल्या पोराच्या आईने म्हणायची असते, पोर कठड्यावर चढायच्या आधी नव्हे. हेल्मेट न घालता सुसाट जाणारा तीच म्हण ऐकवतो तेव्हा तो वेळ चुकवतो. ‘श्रद्धा आणि सबुरी’ या शिर्डीच्या दोन शब्दांचे स्टिकर मागच्या काचेवर लावून वळणावर ओव्हरटेक करणारी वडापची जीप तुम्हीही पाहिली असेल. स्टिकर मागच्या गाड्यांना वाचायला असते, ड्रायव्हरला कुठे दिसते!

श्रद्धेचे खरे रूप पाहायचे असेल तर ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीबरोबर एखादा मुक्काम करावा. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी या सोहळ्याला शिस्त लावली. रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्या नंबरवारीने चालतात. संध्याकाळी तळावर सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात आणि समाजआरतीची वेळ होते. चोपदार हातातला दंड वर करतो आणि हजारो टाळ एकदम बंद होतात. एखाद्या दिंडीचा टाळ मात्र वाजतच राहतो. तो चुकून वाजत नसतो. त्या दिंडीची काही तक्रार आहे, कुणाला पाणी मिळाले नाही, कुणाचा क्रम मोडला, हे सांगायची ती रीत आहे. चोपदार तिथे जातो, ऐकतो, निवाडा होतो, तेव्हा तो टाळ थांबतो. मग आरती. श्रद्धा माणसाला मुकाट बसायला शिकवते, असे म्हणणाऱ्या विद्वानांनी हा एक टाळ ऐकावा. देवाच्या आरतीआधी माणसाची तक्रार ऐकून घ्यायची, हे शहाणपण ज्या परंपरेत आहे तिची वचने ही तक्रार दाबायची साधने कशी म्हणता येतील? ती साधने झाली असतील, तर टाळ काढून घेऊन वचन तेवढे हातात ठेवणाऱ्यांनी ती केली.

राहता राहिले नेतृत्व. इथे सुविचारांची लूट सर्वांत जास्त, कारण नेता होऊ इच्छिणाऱ्यांची संख्या काही कमी नाही. ‘यश टीमचे, अपयश माझे’ हे वाक्य कंपन्यांच्या सभागृहांत इतके बोलले जाते, की त्याचा आता आवाजही होत नाही. पण ते एकदा प्रत्यक्षात कसे घडले ते पाहिले, की वाक्य पुन्हा जिवंत होते. १० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ हे आपले यान बंगालच्या उपसागरात कोसळले. मोहिमेचे प्रमुख कलाम होते. पत्रकारांपुढे मात्र इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः गेले आणि अपयश अंगावर घेतले. १८ जुलै १९८० रोजी रोहिणी उपग्रह कक्षेत गेला, तेव्हा धवनांनी पत्रकार परिषदेला कलामांना पाठवले. धवनांनी याचे वचन केले नाही. कलाम ती गोष्ट पुढे आयुष्यभर सांगत राहिले. वचन आधी आणि प्रसंग नंतर, अशी उलटी वाट धरणाऱ्या साहेबांनी निदान एवढे तपासावे, की गेल्या अपयशाच्या दिवशी माइक कोणाच्या हातात होता.

आणि आता ‘भाजीच्या देठालाही हात लावू नका’. महाराजांच्या नावावरचे हे सर्वांत लाडके वचन. भाषणात ते सैनिकांना उद्देशून सांगितले जाते, चित्रातही मावळे दाखवतात. लष्कराला महाराजांनी ताकीद दिलेली आहेच. चिपळूणजवळ छावणी असलेल्या लष्कराच्या अंमलदारांना लिहिलेले एक पत्र प्रसिद्ध आहे, आणि ते वाचून मी थक्क होतो. पावसाळाभर दाणावैरण पुरवून वापरा, नाहीतर घोडी उपाशी मरतील आणि तुम्ही कुणब्यांच्या घरात शिराल, मग ते तुमच्यापेक्षा मोगल बरे म्हणतील, इथपर्यंत तो विचार जातो. रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात तोंडात धरून नेईल, गवताच्या गंजीला आग लागेल, मग घोडी गेली आणि लष्करही गेले, हेसुद्धा त्यात आहे. उंदराचा विचार करणारा राजा! पण भाजीच्या देठाचे वाक्य या पत्रातले नव्हे. ते १६७६ साली मामले प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला लिहिलेल्या पत्रातले आहे. वसुली करणाऱ्या मुलकी अधिकाऱ्याला धनी सांगतो आहे, की चोरी करू नकोस, इमानाने काम कर, रयतेच्या भाजीच्या देठावरही मन जाऊ देऊ नकोस. आणि तेवढे सांगून पत्र थांबत नाही. गावोगाव फिर, कुणबी गोळा कर, ज्याला बैल नाही त्याला बैलासाठी पैसे दे, ज्याच्या पोटाला नाही त्याला दाणे दे, वाढीदिढी घेऊ नकोस, त्याला ताकद येईल तसतसे मुद्दल परत घे, असे सगळे त्यात येते.

म्हणून वचन सांगायचे तर ते कोणाला आणि कशाबद्दल सांगितले, त्यासकट सांगावे. यावर शेवटचा आक्षेप येतो, तो व्यवहारी माणसांचा. असे प्रसंगासकट, पत्रासकट सांगत बसलो तर सुविचार लांबतो, लक्षात राहत नाही, फळ्यावर मावत नाही. नाही मावत तर नको मावू दे. मूळ वचन ज्याला सांगितले त्याच्यापुढे ठेवायला जागा पुष्कळ आहे. रामाजी अनंताला लिहिलेले ते पत्र, बैलांच्या आणि मुद्दलाच्या वाक्यांसकट, तलाठी कार्यालयात लावा, तहसीलदारांच्या टेबलामागे लावा, पीककर्ज देणाऱ्या बँकेत काउंटरच्या आतल्या बाजूला लावा. शाळेच्या व्हरांड्यात ते कशाला? सहावीतल्या पोराला कुठला सारा वसूल करायचा असतो?